पाठ श्रोत्यांकडे, चेहरा आमच्याकडे

वसईतल्या एका घराचा ओटा. पावसाने तासाभराची उघडीप दिलेली. मावशी निवृत्त शिक्षिका. एकतीस वर्षं लोकलने मुंबईला जाऊन एका कॉयरमध्ये आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाज, गायली. भाचा व्हायोलिन वाजवतो आणि गेली तीन वर्षं अठरा जणांचा चेंबर कॉयर चालवतो. युरोपातल्या एका संगीत अकादमीत ऑर्केस्ट्रा-संचालनाच्या अभ्यासक्रमाला त्याला प्रवेश मिळालाय. तेच सांगायला तो आलाय. मावशीने फुगे, म्हणजे मैद्याचे फुगलेले गोळे, तळलेत, चहा ठेवलाय. पुढचं बोलणं दोघांचं.

मावशी: अभिनंदन करून झालं, आता भांडते. काल फोनवर तू म्हणालास, "आता कॉयर सुटला." शाळा सुटते, गाडी सुटते. कॉयर कसा सुटतो?

भाचा: बोलायची पद्धत गं ती.

मावशी: बोलायच्या पद्धतीतच माणूस खरं बोलून जातो.

भाचा: बरं, मग खरंच बोलतो. तीन वर्षं मी अठरा जणांना सांभाळतोय. त्यातले वेळेवर येतात बारा. टेनर कायम दोनच, आणि त्यातल्या एकाचा घसा कायम बसलेला. मला ब्राह्म्सच्या सिंफनी करायच्या आहेत, माहलर करायचाय. समोर ऐंशी माणसं, प्रत्येकाने वीस-वीस वर्षं वाद्य घासलेलं. तिथे पोचायचं तर या पायरीवर किती दिवस बसून राहायचं?

मावशी: म्हणजे आम्ही पायरी.

भाचा: जग तसंच समजतं, मी काय करू? मोठ्या मैफलीचं पोस्टर बघ. कंडक्टरचं नाव ठळक. ज्याने महिनोन्‌महिने कॉयर घडवला, त्याचं नाव खाली बारीक अक्षरात. शेवटी टाळ्या सुरू झाल्या की त्याला विंगेतून बोलावतात, तो वाकतो, निघून जातो. मला विंगेत उभं राहायचं नाही.

मावशी: हे मी पाहिलंय. आमचे सर असेच यायचे, घाईघाईने कोटाचं बटण लावत. तुझा मुद्दा खोटा नाही. पण पायरी म्हणतोस म्हणून विचारते, मेंडेल्सोनचं काय? बाखचं मॅथ्यू पॅशन लोक विसरून गेले होते, ते त्याने कुठून उभं केलं?

भाचा: बर्लिनमध्ये, ११ मार्च १८२९. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. बाखच्या मृत्यूनंतर जवळजवळ ऐंशी वर्षांनी.

मावशी: आणि त्याआधी दोन वर्षं काय चाललं होतं? घरी मूठभर गाणारे गोळा करून तेच संगीत चाचपत बसला होता. आज ज्याला चेंबर कॉयर म्हणतात तेच ते. मग ते झिंगाकाडेमी या बर्लिनच्या गायनसंस्थेच्या मोठ्या वृंदाकडे गेलं. लाइपझिगच्या गेवान्टहाउस ऑर्केस्ट्रासमोर तो उभा राहिला १८३५ साली. काठी हातात घेऊन उभं राहणारा कंडक्टर ही जातच तेव्हा नवी होती, आणि तिचा हा मोठा पुरुष आधी गाणाऱ्यांसमोर घडला.

भाचा: गोष्ट अर्धीच सांगितलीस. त्याच झिंगाकाडेमीचा प्रमुख निवडायची वेळ आली, १८३३ साली, तेव्हा गाणाऱ्यांनी मतदान केलं आणि मेंडेल्सोनला पाडलं. कॉयरने नाकारलं म्हणून तर तो लाइपझिगला पोचला!

मावशी: (हसत) गाणारे कधीकधी मूर्ख असतात, हे मी कधी नाकारलं?

भाचा: मावशी, गंमत सोड. खरी अडचण हाताची आहे. कॉयरसमोर मी शब्द घडवतो, बोटांनी स्वर उघडतो, मिटतो. दोन्ही हात आरशासारखे तेच करत राहतात. गाणारे माझे ओठ वाचतात, चुकलो तरी सावरून घेतात. ऑर्केस्ट्राला यातलं काही नको असतं. त्यांना ठोका कुठे पडला ते दिसायला हवं. फ्रेंच हॉर्नच्या ओळीत लिहिलेला सूर पंचमाच्या अंतराने खाली वाजतो, क्लॅरिनेटचा एक स्वर खाली, व्हायोलाची किल्लीच वेगळी. एका पानावर वीस-पंचवीस ओळी. माझ्या अठरा जणांच्या पानावर चार. कॉयरला महिनाभर मिळतो. ऑर्केस्ट्राकडे दोन-तीन तालमी, आणि त्याही घड्याळ लावून. वादक पहिल्या मिनिटात माणूस जोखतात. "कॉयरवाला आहे" असं एकदा ठरलं की नजरा वहीतून वर येत नाहीत.

मावशी: यातलं मला वाचता येत नाही, म्हणून वाद घालत नाही. मी फक्त जे समोरून पाहिलं ते सांगते. बेथोव्हनच्या नवव्या सिंफनीत आम्ही काय करतो, ठाऊक आहे?

भाचा: शेवटच्या भागात गाता.

मावशी: त्याआधी पाऊण तास नुसतं बसतो. तीन भाग संपेपर्यंत खाकरायचं नाही की पाय हलवायचा नाही. त्या पाऊण तासात आम्ही एकच गोष्ट बघतो, कंडक्टरचा चेहरा. श्रोत्यांना त्याची पाठ दिसते. वादकांची नजर वहीवर. त्याचा चेहरा पूर्ण वेळ बघणारे फक्त आम्ही. आणि आमची वेळ यायच्या आधीच आम्हाला कळलेलं असतं, हा माणूस कधी गायलाय की नाही.

भाचा: ते कसं?

मावशी: हात वर नेताना तो श्वास घेतो का, त्यावरून. ज्याने गाऊन पाहिलंय, त्याचं तोंड किंचित उघडतं, छाती उचलते. आम्हीही न सांगता तेवढाच श्वास घेतो आणि ऐंशी तोंडांतून एकदम सूर निघतो. ज्याने गायलेलंच नाही, त्याची काठी सुंदर खाली येते, आणि आम्ही केसभर मागे. मग तो आमच्यावर ओरडतो. एकदा एक पाहुणे आले होते, नाव नाही घेत. तीन वेळा आम्हाला थांबवलं, "उशीर, उशीर, उशीर." चौथ्या वेळी आम्ही त्यांच्याकडे बघणंच सोडलं आणि पहिल्या व्हायोलिनच्या खांद्याकडे बघून गायलो. ते म्हणाले, "आता बरोबर!"

भाचा: (हसतो) हे वादकही करतात. पण यावरून एवढंच ठरतं की कंडक्टरला श्वास हवा. कॉयरमध्ये आयुष्य काढावं, हे ठरत नाही. आणि तुझ्याच लाडक्या माणसाचं उदाहरण देतो. रॉबर्ट शॉ.

मावशी: दे की.

भाचा: कॅलिफोर्नियातला पाद्र्याचा मुलगा. संगीताचं रीतसर शिक्षण जवळजवळ नाहीच. १९४१मध्ये न्यूयॉर्कात त्याने कॉलेजिएट कोराल सुरू केला. कंडक्टर टोस्कानिनीने केलेल्या बेथोव्हनच्या नवव्या सिंफनीसाठी कॉयर तयार करून दिला तोच हा. १९४८मध्ये स्वतःच्या नावाचा नेमका, लहान कोराल काढला. तो इतका गाजला की अमेरिकी सरकारने देशोदेशी पाठवला. १९६२मध्ये तो बाखचा बी मायनर मास घेऊन सोव्हिएत रशियात गेला. कॉयरच्या जगात याहून वरची जागा नव्हती. तरी या माणसाने काय केलं? १९५६मध्ये क्लीव्हलंडला जॉर्ज सेलच्या हाताखाली दुय्यम कंडक्टर म्हणून राहिला, आणि तिथे अकरा वर्षं काढली! चाळिशीत, एवढं नाव असताना. का? तर कॉयरने जे शिकवलं ते ऑर्केस्ट्रासमोर पुरत नाही, हे त्याला ठाऊक होतं. शॉ तुझ्या नाही, माझ्या बाजूचा साक्षीदार आहे.

मावशी: साक्षीदाराला पुढे बोलू दे ना. सेलकडे तो नुसता शिकायला बसला होता का? तिथला कॉयरही त्यानेच घडवला. नंतर १९६७मध्ये अटलांटाला गेला, तो ऑर्केस्ट्राचा मुख्य संचालक म्हणून. तुझी ती शेवटची पायरी. एकवीस वर्षं तो तिथे होता. तिथे गेल्यावर काय केलं? पुन्हा कॉयर. दोनशे जणांचा मोठा आणि त्यातून निवडलेला चेंबर कोरस. सगळे बिनपगारी. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी येणारे शिक्षक, नर्स, वकील, माझ्यासारखी माणसं. वर चढून शिडी लाथाडायची असते, तर त्याने तीच शिडी पुन्हा कशाला बांधली?

भाचा: प्रेमापोटी.

मावशी: प्रेमाने मास पाठ होत नाही. त्याच्या तालमीची रीत तुला माहीत आहे. शब्द काढून टाकायचे आणि आकडे गायचे. "वन अँड टू अँड टी अँड..."

भाचा: "थ्री" नाही, "टी". "थ्री" जिभेवर रेंगाळतो.

मावशी: हं. तेही हळू आवाजात. ताल आणि सूर आधी हाडात मुरू द्यायचे, मगच शब्द घालायचे, मग जोर. ही वादकाची शिस्त नाही का? सेलकडे अकरा वर्षं राहून त्याची शिस्त आणखी पक्की झाली असेल, मी नाही म्हणत नाही. पण ती शिस्त त्याने गाणाऱ्यांना दिली. आणि गाणाऱ्यांचा श्वास वादकांकडे नेला. त्याची वाट एकाच दिशेची नव्हती.

भाचा: शॉला निवड होती, म्हणून त्याच्याबद्दल असं बोलता येतं. मार्गरेट हिलिसला कुठे होती? तिला ऑर्केस्ट्राच हवा होता. डबल बास वाजवायची. दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या वैमानिकांना विमान चालवायला शिकवायची. कशालाच भ्यायची नाही. पण तिला सांगण्यात आलं, बाईला ऑर्केस्ट्रा कोण देणार, कॉयरकडे जा. म्हणून ती जुलियार्डच्या संगीतशाळेत शॉकडे आली. मावशी, तुमचा कॉयर त्या बाईसाठी मागचं दार होतं. सत्कार करून मागच्या दाराने आत घेतलं, एवढंच.

(मावशी थोडा वेळ गप्प. उतू जाणारा चहा काढायला आत जाते, परत येते.)

मावशी: हा तुझा आजचा सगळ्यात खरा मुद्दा. याला उत्तर नाही. तिच्यावर अन्याय झाला, आणि त्या अन्यायाला कॉयर कामी आला. "बायकांनी लहान खोलीत गावं" असं आम्हालाही कमी ऐकवलं नाही. पण त्या दाराने आत गेल्यावर तिने काय केलं, तेही बघ. न्यूयॉर्कात स्वतःचा छोटा वृंद उभा केला. त्याचं काम ऐकून शिकागो सिंफनीच्या फ्रिट्झ रायनरने तिला बोलावलं. १९५७मध्ये शिकागो सिंफनीचा कॉयर सुरू झाला तो तिच्या हातून. पुढे सदतीस वर्षं तिने तो घडवला. आणि ३१ ऑक्टोबर १९७७...

भाचा: कार्नेगी हॉल. माहलरची आठवी.

मावशी: कंडक्टर सोल्टी पडला, मानेला दुखापत झाली. कार्यक्रम तोंडावर. आठ एकल गायक, दोन मोठे वृंद, मुलांचा वृंद, अवाढव्य ऑर्केस्ट्रा. तेव्हा उभं कोण राहिलं? छप्पन्न वर्षांची हिलिस. तालीम जवळजवळ नाहीच. तरी काम निभावून नेलं. का निभावलं? तर त्या संगीताचा कणा गाणाऱ्यांचा आहे, आणि तो कणा तिने स्वतः एकेक मणका जोडून बांधला होता. त्या रात्री तिला स्कोअर शिकायचा नव्हता. तो तिच्या अंगात होता.

भाचा: आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत कौतुक. मग? शिकागो सिंफनी तिच्या हाती दिली?

मावशी: नाही दिली.

भाचा: मग तेच म्हणतोय मी.

मावशी: तेच नाही. तुझं म्हणणं कॉयर लहान आहे. माझं म्हणणं, देणारे लहान होते. एल्जिनसारख्या गावाचा ऑर्केस्ट्रा तिने चौदा वर्षं चालवलाच ना? हात कमी पडत होता म्हणून शिकागो दिलं नाही, असं नाही. अन्याय जगाचा आणि शिक्का कॉयरवर, हा कुठला न्याय?

(पाऊस पुन्हा सुरू. दोघं खुर्च्या आत ओढतात.)

भाचा: बरं, जगाला बाजूला ठेवू. कानाचं बोलू. अठरा जणांत मी तीन वर्षांत काय शिकलो? सूर उतरतो तो सावरायला. बिनवाद्यांचं मोटेट सुरू करतो एका पट्टीत आणि संपतं पाव सुराने खाली. त्याच लढाईत सगळी शक्ती जाते.

मावशी: आणि तू काय करतोस?

भाचा: पियानोवर सूर दाखवतो, पुन्हा पट्टीवर आणतो.

मावशी: तिथेच चुकतोस. तुझ्या आजोबांच्या शेजारी एक पंडितजी राहायचे, तानपुरा लावायचे. मी लहानपणी ओट्यावर बसून ऐकायचे. खर्जाची तार नीट लागली की तिच्यातून, कोणी न छेडता, गंधार ऐकू यायचा.

भाचा: स्वयंभू गंधार. पाचवा हार्मोनिक.

मावशी: हां. तो गंधार आणि तुझ्या पियानोचा गंधार एकच का?

भाचा: नाही. पियानोचा थोडा चढा. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर साधारण चौदा भागांनी.

मावशी: मग पियानो ठोकून तू त्यांना सूर देतोस की त्यांचा सूर मोडतोस? चांगला कॉयर तार सप्तकात ओरडत नसतो, तो एकमेकांच्या सुरात बसत असतो. आल्टोकडे गंधार आला की आम्ही तो थोडा खाली, गोड जागी ठेवायचो. खोली एकदम घुमायची. कुणी सांगायचं नाही, शेजारणीला ऐकून व्हायचं. आमच्या मागे तानपुरा नसतो, प्रत्येक जण दुसऱ्याचा तानपुरा असतो. हे कान ऐंशी वादकांत तुला कोण देणार? तिथे जो तो आपलं वाद्य लावून बसलेला.

भाचा: (थांबून) पियानो बंद करून पाहिलेलं नाही मी, खरंय. पण तू मला एका गोष्टीचं उत्तर दे. एवढं सगळं कॉयरमध्ये आहे, तर तिथेच राहून कोणी मोठं झालंय? स्वीडनच्या एरिक एरिक्सनचं नाव घेणार असशील तर...

मावशी: घेणारच. १९४५, युद्ध नुकतंच संपलेलं. स्टॉकहोममध्ये त्याने मित्रमंडळींना गोळा करून चेंबर कॉयर सुरू केला. रेडिओच्या कॉयरला तीस वर्षं दिली, उपसालाच्या पुरुषवृंदाला चाळीस. मुती, आबाडोसारखे ऑर्केस्ट्राचे बडे लोक त्याचे गाणारे मागायचे. तो कुठे चढला नाही. बाकीचे त्याच्यापर्यंत आले.

भाचा: कारण स्वीडनमध्ये रेडिओ पगार देतो, संगीत अकादमी आहे, गावोगावी गाणारे आहेत. इथे काय आहे? देशात एकच व्यावसायिक सिंफनी ऑर्केस्ट्रा, तोही मुंबईच्या एनसीपीएत २००६मध्ये सुरू झालेला. कॉयरला पगार तर कुणाचाच नाही. मी एरिक्सन व्हायचं ठरवलं तर भाडं कोण भरणार? तू?

मावशी: मी पेन्शनवर आहे. पण इथे कोणी नव्हतंच असं म्हणू नकोस. व्हिक्टर परंज्योतींनी मुंबईत वृंद काढला, आणि त्यांच्यानंतर कूमी वाडियांनी तो किती दशकं उभा ठेवला! पगारावर नाही. तू म्हणशील, त्यांच्यासारखं सगळ्यांना जमत नाही. मान्य. तू जा. जाऊ नकोस असं मी एकदाही म्हटलेलं नाही. माझं भांडण "सुटला" या शब्दाशी होतं.

भाचा: मग काय म्हणू?

मावशी: तुझा आदर्श कोण?

भाचा: झुबिन मेहता. इथला, मुंबईत वाढलेला, आणखी कोण?

मावशी: मग व्हिएन्नात तो काय करायचा ते सांग.

भाचा: स्वारोव्स्कीकडे संचालन शिकायचा. १९५४मध्ये गेला, अठरा वर्षांचा होता.

मावशी: वर्गात. आणि वर्ग सुटल्यावर?

भाचा: ...मुझिकफेराइन सभागृहात मोठ्या कंडक्टरांच्या तालमी बंद दाराआड चालायच्या, विद्यार्थ्यांना प्रवेश नव्हता. म्हणून तो आणि क्लाउडिओ आबाडो तिथल्या कॉयरमध्ये भरती झाले. बासच्या रांगेत. गायचे आणि बघायचे. ब्रूनो वॉल्टर, कारायान.

मावशी: चेहरा बघायचे. पाठ नाही.

भाचा: पण मावशी, ते तिथे गायला नव्हते गेले, बघायला गेले होते. तूही हे मान्य कर.

मावशी: करते. चोरून शिकायलाच गेले असतील. पण बघायला जाऊनही गावं तर लागलंच ना? श्वास घ्यावा लागला. चुकले तर शेजारचा बास वळून बघत असणारच. हात वर करणारा माणूस एकही आवाज न काढता सगळ्यांकडून आवाज मागतो. मागण्याआधी देऊन पाहिलेलं असावं. मी एवढंच म्हणते.

भाचा: तिथे गेल्यावर कुठल्यातरी कॉयरमध्ये गाईन. शब्द देतो. बासच्या रांगेत, मागे.

मावशी: ते तुझं झालं. आणि इथले अठरा?

भाचा: त्यांचं... मी जाण्याआधी निरोपाची मैफल करणार होतो. मग बंद.

मावशी: बंद का? तुझ्या आल्टोत ती मुलगी आहे ना, बोरिवलीहून येणारी? मागच्या कार्यक्रमात सगळे घसरले तेव्हा तिने एकटीने सूर धरून ठेवला होता. मी दुसऱ्या रांगेत बसून ऐकलं.

भाचा: ती? तिने कधी हात वर केलेला नाही.

मावशी: तीन वर्षांपूर्वी तू तरी कुठे केला होतास?

भाचा: तिला स्कोअर नीट वाचता येतो, हे खरं आहे. कधीकधी माझ्याआधी चूक पकडते. पण तिला करायचं असेल का, ठाऊक नाही.

मावशी: विचारलंस?

भाचा: नाही.

मावशी: मग आधी फोन लाव. गुरुवारच्या तालमीत अर्धा तास तिला उभी कर आणि तू खाली जाऊन बासमध्ये बस. पियानोचं झाकण बंद ठेव. जा, आतल्या खोलीत नेटवर्क येतं. फुगे मी झाकून ठेवते.